हातचे कार्डिगन पुन्हा विणताना

(महिला मंडळाच्या हिवाळी सभेत झालेल्या भाषणाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



मंडळाने मला ‘वार्धक्यातील आरोग्य’ हा विषय दिला होता. तो मी किंचित वळवून घेतला आहे. गेल्या वर्षभरात मला रक्तदाबाविषयी जितक्या जणींनी विचारले, त्याहून अधिक जणींनी स्वेटरांविषयी विचारले. प्रश्न बहुधा एकच असतो. आईच्या किंवा सासूबाईंच्या हातचे कार्डिगन कपाटात आहे, अंगाला नीट बसत नाही, टाकून देववत नाही आणि घालायला जावे तर घालवत नाही. काय करावे? मी सांगते, उसवा आणि पुन्हा विणा. हे ऐकताच समोरचीचा चेहरा असा होतो की जणू मी एखाद्या धडधाकट माणसाचा पाय कापायला सांगितला. म्हणून आज हे उत्तर सविस्तर देण्याची परवानगी घेते.

प्रथम हे आठवून पाहा की ही कार्डिगने आपल्या घरांत आली कशी. आपल्या पूर्वजांच्या कोकणातल्या गावी लोकरीला काय काम! मुंबईत भायखळ्याला किंवा माझगावला जानेवारीच्या पहाटेसुद्धा एक चादर पुरत असे. आपल्यातील ज्या घरांचे कर्ते पुरुष रेल्वेत, टपालखात्यात किंवा पलटणीत होते आणि ज्यांच्या बदल्या उत्तरेकडे होत, त्या घरांतील स्त्रिया विणकाम शिकून आल्या आणि त्यांच्याकडून ते चाळीतल्या इतर स्त्रियांनी उचलले. पुढे इस्राएलहून पत्रे येऊ लागली. वाळवंट म्हणजे उकाडा असे समजू नका, बेअर शेवाला रात्री हाडे गारठतात आणि दिमोना तर ५०० मीटरांहून अधिक उंचीवर आहे, असे त्यांत लिहिलेले असे. ती पत्रे वाचून मुंबईच्या घामात बसून आपल्या आयांनी कानपूरच्या लाल इमलीची लोकर मांडीवर घेतली. ज्या थंडीचा त्यांना स्वतःला अनुभव नव्हता, त्या थंडीसाठी त्यांनी हे कपडे विणले. मापे मात्र त्यांनी घेतली ती त्या वेळच्या, पंचविशी-तिशीतल्या अंगांची.

त्या अंगांचे पुढे काय झाले हे मी परिचारिका म्हणून फार जवळून पाहिले आहे. वय झाले की माणूस ‘आटतो’ असे आपण म्हणतो. कार्डिगन ढगळ झाले की बाजूच्या शिवणी आत घ्यायच्या, एवढाच उपाय लोकांना सुचतो. परंतु म्हातारे शरीर हे तरुण शरीराची लहान प्रत नसते, त्याचा आकारच निराळा होतो. हाडे ठिसूळ झाली की पाठीचे मणके पुढच्या बाजूने दबतात. पाठ वाकते, खांदे पुढे येतात, मान पुढे झुकते, बरगड्या कमरेच्या हाडाकडे सरकतात आणि पोट पुढे येते. म्हणजे पाठीची लांबी वाढते आणि पुढची लांबी घटते. अशा अंगावर जुने कार्डिगन मागून वर चढते आणि कंबर उघडी पडते, पुढून ते मांडीवर लोंबते आणि गळपट्टी घशाला टेकते. शिवणी कितीही आत घेतल्या तरी यातले काहीही सुधारणार नाही.

आणि एक गोष्ट अगदी गंभीरपणे सांगते. पूर्वी कमरेखाली जेमतेम येणारे कार्डिगन आता पुढून चार-पाच सेंटिमीटर खाली लोंबत असेल, तर सुया नंतर शोधा, आधी आपल्या कुपात होलिमच्या डॉक्टरांकडे जा. लोकर सैल पडून खाली येऊ शकते हे खरे, पण ती सर्व बाजूंनी येते. केवळ पुढून लांब आणि मागून आखूड झाले असेल तर कपडा बदललेला नसून माणूस बदलला आहे. मणके दबण्याचे अस्थिभंग पुष्कळदा पडल्याशिवाय होतात, कधी नुसते बादली उचलताना होतात, आणि दुखले तरी लोक ते कंबरदुखी म्हणून सोडून देतात. उंची मोजून घ्या, क्ष-किरण चित्र आणि हाडांच्या घनतेची तपासणी करावी का ते विचारा. एक मणका दबलेला असला की दुसरा दबण्याचा धोका वाढतो आणि त्यावर आज औषधे आहेत.

माझ्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत हे असेच लक्षात आले. आमच्या आईने १९६९ साली, ताई इकडे यायला निघाली तेव्हा, तिच्यासाठी मरून रंगाचे चौपदरी लोकरीचे कार्डिगन विणले होते. ताई आज ८४ वर्षांची आहे. दोन हिवाळ्यांपूर्वी ते तिच्या अंगावर पाहिले तेव्हा मागून तिचा ब्लाउज दिसत होता आणि पुढचे टोक जवळजवळ मांडीवर आले होते. तपासणीत दोन मणके दबलेले आढळले. औषध सुरू झाले, व्यायाम शिकवला गेला, आणि मग मी म्हटले की आता हे कार्डिगन उसवू या.

ताईची काही हरकत नव्हती. हरकत घेतली तिच्या मुलीने. ती इथेच जन्मली, आजीला तिने फार थोडी वर्षे पाहिले. ती म्हणाली, “मावशी, आजीच्या हातचे असे आमच्याकडे हे एवढेच उरले आहे. ते तू उसवलेस की ते तुझ्या हातचे होईल. आणि आईवडिलांसाठी फाडलेला कपडा आपण पुन्हा नीट शिवत नाही ना? काही गोष्टी तशाच ठेवायच्या असतात.”

मुलगी शिकलेली आहे आणि तिचा मुद्दा पोकळ नव्हता. केरिआचा नियम आपणा सर्वांना ठाऊक आहे. इतर आप्तांसाठी फाडलेला कपडा सात दिवसांनंतर कच्चा टाचता येतो आणि तीस दिवसांनंतर पक्का शिवता येतो. आईवडिलांसाठी फाडलेला मात्र तीस दिवसांनंतरही फक्त कच्चा टाचायचा, पक्का कधीच शिवायचा नाही. त्या दुःखाची खूण बुजवू नये, असे त्यामागे आहे. मी तिला म्हटले, तो नियम त्या फाडलेल्या कपड्याचा आहे. तो कपडा आपण शोकासाठी स्वतः फाडलेला असतो. हे कार्डिगन तुझ्या आजीने ऊब मिळावी म्हणून विणले. ज्या अर्थी तुझ्या आईची कंबर उघडी पडते, त्या अर्थी आजीचे काम अपुरे पडले आहे. ते पुरे करण्याला तू जखम बुजवणे म्हणू नकोस.

दुसरी गोष्ट मी तिला सांगितली ती शब्बाथविषयीची. आपल्याला कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी आपले घाणे बंद असत. म्हणजे काम कशाला म्हणावे हे आपल्या लोकांना शेकडो वर्षे नीट ठाऊक होते. मिश्नेच्या शब्बाथ या भागाच्या सातव्या अध्यायात निषिद्ध कामांची जी ३९ नावे आहेत, त्यांतली १३ लोकर कातरण्यापासून कपडा पुरा होईपर्यंतची आहेत. त्यांत पिंजणे, रंगवणे, कातणे, विणणे आहेच, परंतु गाठ बांधण्यापुढे गाठ सोडणेही आहे आणि शिवण्यापुढे फाडणेही आहे. मात्र कोणतेही फाडणे नव्हे, पुन्हा टाके घालता यावेत म्हणून केलेले फाडणे. नुसती नासधूस त्या यादीत मोजलेली नाही. आपल्या रब्बींनी उसवणाऱ्या हाताला विणणाऱ्या हाताच्या शेजारी बसवले आहे.

ती लगेच पटली असे मी म्हणणार नाही. आठवडाभर तिचा फोन आला नाही. मग आली आणि म्हणाली, “खिशांना हात लावायचा नाही.” खिसे निराळे विणून वर शिवलेले होते, तेव्हा ते तसेच काढून तसेच लावता येणार होते. मी कबूल झाले. त्यानंतर उसवायला तीच बसली.

आता कामाकडे वळते. वही काढणाऱ्यांनी काढावी.

उसवण्याजोगे काय आणि काय नाही, हे आधी पाहावे. हाताने विणलेल्या कार्डिगनचे पाठ, दोन पुढे आणि दोन बाह्या हे भाग निरनिराळे, आकार देत विणलेले असतात आणि प्रत्येकात धागा सलग धावत असतो. बाजारच्या पुष्कळ स्वेटरांचे भाग मात्र यंत्रावर विणलेल्या कापडातून कापून काढलेले असतात. त्यांची शिवण उघडली तर प्रत्येक ओळीचा निराळा तुकडा हाती येतो, ते उसवून उपयोग नाही. गरम पाण्यात धुतल्याने नमद्यासारखी घट्ट झालेली लोकरही उसवत नाही. आणि धागा दोन हातांत धरून ताणल्यावर सहज तुटत असेल, किंवा कसरीने जागोजागी खाल्ला असेल, तर त्या कार्डिगनला आहे तसेच राहू द्यावे. डांबरगोळ्यांच्या भरवशावर ठेवलेली बरीच कार्डिगने आज याच अवस्थेला आली आहेत, हे मी अनेक कपाटांत पाहिले आहे.

लहान दोषासाठी सगळे उसवण्याचे कारण नाही. बाही लांब असेल तर मनगटाच्या पट्टीवर एका ओळीतला एकच टाका कापावा, तो धागा ओळभर ओढून काढावा, मोकळे झालेले टाके सुईवर घ्यावेत, जादा ओळी उसवाव्यात आणि तिथून खाली पट्टी विणावी. साध्या विणीत हा जोड दिसत नाही. उलट-सुलट नक्षीत मात्र अर्ध्या टाक्याची सरक दिसते, तेव्हा जोड पट्टीच्या सुरुवातीलाच घ्यावा. खांदे ओघळले असतील तर आतून खांद्याच्या आणि मागच्या गळ्याच्या शिवणीवर क्रोशाची साधी साखळी किंचित ओढून घालावी.

सगळे उसवायचे असेल तर आधी कार्डिगन धुऊन, वाळवून, सपाट पसरून मोजावे. दहा सेंटिमीटरांत किती टाके आणि किती ओळी आहेत ते लिहून ठेवावे. ताईच्या कार्डिगनमध्ये २८ टाके आणि ३६ ओळी होत्या, आईच्या दहा नंबरच्या सुयांवर. ते नंबर जुन्या ब्रिटिश मापाचे असतात आणि त्यांत आकडा वाढला की सुई बारीक होते. इथल्या दुकानात दहा नंबर मागितलात तर दांडकी हाती येतील. जुना दहा म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, आठ म्हणजे चार मिलिमीटर आणि बारा म्हणजे पावणेतीन.

शिवण उघडताना कार्डिगन उलटे करून, दोन्ही भाग हलके ताणून, मधला शिवणीचा धागाच कापावा. इथे घाई करू नये, विणीचा टाका कापला गेला तर भोक पडते. खालून वर विणलेला भाग वरूनच, जिथे टाके बंद केलेले असतात तिथूनच सुरळीत उसवतो. उसवलेला धागा लगेच गुंडाळू नये. खुर्चीच्या पाठीवर लडी करावी, चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांधावी, कोमट पाण्यात बुडवून ठेवावी, चोळू-पिळू नये आणि सावलीत टांगून वाळवावी. नूडल्ससारखा कुरळा झालेला धागा बहुतांशी सरळ होतो. हे न करता विणले तर टाके वेडेवाकडे पडतात आणि पहिल्या धुण्यात मापे बदलतात.

ताईच्या कार्डिगनमधून सुमारे ४१० ग्रॅम लोकर निघाली. कोपर आणि मनगट यांच्याकडचा झिजलेला धागा वगळल्यावर ३६० उरली. कमी पडणारी लोकर जवळपास त्याच रंगाची आणावी असे सर्वांना वाटते. माझ्या मते तोच सर्वांत वाईट मार्ग आहे. पन्नास वर्षांच्या मरूनशी नवा मरून कधीच जुळत नाही, आणि तो फरक चुकून राहिल्यासारखा दिसतो. आम्ही कडेच्या पट्ट्यांसाठी सरळ करडा रंग घेतला. दोन सारख्या रंगांचे मिश्रण करायचेच असेल तर दोन ओळी जुन्या, दोन नव्या असे सर्व अंगभर विणावे.

उसवताना आई भेटली, हे मात्र सांगितले पाहिजे. डाव्या बाहीत उजवीपेक्षा चार ओळी जास्त होत्या. धागा जोडताना तिने कुठेही गाठ मारली नव्हती, दोन टोके उलगडून, ओली करून, तळहातावर वळून एक केली होती. शुद्ध लोकरीतच हे जमते, अक्रिलिकमध्ये नाही. पाठीच्या मध्यावर वीण एकदम घट्ट झाली होती आणि हातभर तशीच राहिली होती. माझी भाची त्या ओळी पाहत म्हणाली, “त्या दिवसांत काही झाले असेल का?” मला सांगता आले नाही. न उसवता हे आम्हां दोघींना कधी दिसले नसते.

नव्या मापांविषयी. छातीचा घेर ८८ सेंटिमीटर होता, कार्डिगन त्यापेक्षा ८ ते १० सेंटिमीटर सैल हवे, म्हणून ९८ धरले. मग मानेच्या उंच मणक्यापासून कमरेपर्यंत, बाकावरून टेप नेत, पाठ मोजली आणि खांद्याच्या गळ्याकडच्या टोकापासून कमरेपर्यंत पुढची बाजू मोजली. पाठ ४४, पुढा ३७. सरळ अंगात पुढाच थोडा जास्त भरतो. हा सात सेंटिमीटरांचा फरक बाजूच्या शिवणीत टाकता येत नाही, कारण पाठीची आणि पुढ्याची कड सारखीच राहिली पाहिजे. म्हणून पुढ्याच्या मापाने सर्व विणावे आणि जादा लांबी फक्त पाठीच्या मध्यभागी द्यावी. मुंढ्याच्या वर आल्यावर ओळ शेवटपर्यंत न नेता कडेचे काही टाके सुईवर तसेच सोडून वळावे, दुसऱ्या बाजूलाही तसेच वळावे. अशा अर्धवट ओळींची एक जोडी मध्यभागी दोन ओळी वाढवते, कड मात्र तेवढीच राहते. सात सेंटिमीटरांना सुमारे २५ ओळी लागतात, म्हणून १२ जोड्या घेतल्या, प्रत्येकीनंतर दोन पूर्ण ओळी विणत, म्हणजे एकाच जागी फुगा येत नाही. या पूर्ण ओळी पाठीच्या ठरलेल्या ओळींतल्याच धराव्यात. वळण्याच्या जागी शेजारच्या टाक्याला धागा वेढून मगच परतावे, नाहीतर छिद्र राहते. पुढचा गळा अडीच सेंटिमीटर खाली घेतला, मान झुकली तरी पट्टी घशाला लागू नये म्हणून.

बटणे आठाची पाच केली, मोठी आणि देठ असलेली. संधिवाताच्या बोटांना लहान चपटे बटण म्हणजे रोजची परीक्षा असते. जुन्या कार्डिगनच्या बटणपट्टीमागे कापडी फीत असेल तर ती पारखून घ्या. लोकरीच्या कपड्याला लिननची फीत किंवा लिननच्या दोऱ्याने लावलेले बटण म्हणजे शाटनेझ झाले. वायिक्राच्या १९व्या आणि देवारीमच्या २२व्या अध्यायात ही मनाई आहे. उन्हाळी विणकामाच्या धाग्यांत हल्ली लिननचे मिश्रण पुष्कळ असते, तेव्हा लोकरीसोबत वापरण्याआधी वेष्टन वाचावे. शंका असल्यास तपासून देणारे लोक इथे आहेत, तुमचे रब्बी पत्ता देतील.

इतर शरीरांविषयी थोडक्यात. अर्धांगवायू झालेल्या माणसाला कपडा चढवताना दुबळा हात आधी आणि उतरवताना दुबळा हात शेवटी, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवत. त्या बाजूचा मुंढा चार सेंटिमीटर मोठा विणलात तर घालणाऱ्याचे आणि घालवून देणाऱ्याचे दोघांचेही श्रम निम्मे होतील. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर तो हात सुजू शकतो, त्या बाहीची मनगटपट्टी आवळ ठेवू नये. दोन बाह्या सारख्या दिसल्याच पाहिजेत असे नाही. माझ्या आईच्याही नव्हत्या.

ताईचे कार्डिगन पुरे व्हायला चार महिने लागले, कारण आम्ही दोघी फक्त रविवारी बसत असू. करड्या पट्ट्या ताईला आवडल्या नाहीत, हे तिने स्पष्ट सांगितले. पण घालून ती गच्चीत जाऊन उभी राहिली आणि आत येऊन म्हणाली, “पाठीला वारा लागत नाही.” खिसे जिथे होते तिथेच आहेत. माझ्या भाचीने ते स्वतः शिवले.

पुढच्या महिन्यापासून दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता, याच सभागृहात, ज्यांना आपले कार्डिगन आणायचे असेल त्यांनी आणावे. धुऊन आणावे. सोबत टेप, वही, आणि शक्य असेल तर ज्याच्या अंगावर ते घालायचे आहे तो माणूसही आणावा. कात्री आणू नये, ती मी आणीन.